दुसरी ओळ

माझा गळा वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. तेहतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं, पण सकाळच्या प्रार्थनेला मी तोंड उघडलं की पहिलीतली पोरं एकमेकांना चिमटे काढायची. अशा बाईने चर्चच्या मंडळीचा तरुण संघ उभा केला आणि तो गाण्यासाठी सरोवराच्या सगळ्या काठाने नावाजला गेला, म्हटल्यावर कोणीही विचारेल, हे जमलं कसं? तर तावोंगामुळे जमलं. माझ्यामुळे काय झालं तेही सांगणार आहे.

आठ वर्षांपूर्वी आमच्या चर्चमध्ये तिशीच्या आतलं माणूस शोधून सापडायचं नाही. बाजाराशेजारी तंबूत उपासना घेणारे, तंबूवाले, आले होते. त्यांच्याकडे जनरेटर होता, कीबोर्ड होता, आणि त्यांचा पाळक पांढरे बूट घालायचा. पोरं सगळी तिकडे. आमच्याकडे उरले खोकणारे म्हातारे आणि त्यांच्या खोकल्यावर चिडणाऱ्या म्हाताऱ्या. शेवटी मंडळीच्या वडीलजनांची सभा आंब्याखाली भरली. त्यांच्यात मुख्य गोंडवे. देवभिरू माणूस, पण नियमावर बोट ठेवल्याशिवाय त्यांना पाणीही गिळता यायचं नाही.

"मॅडम, तुम्ही आता रिटायर झालात," गोंडवे म्हणाले. "घरी बसून कोंबड्यांना शिस्त लावता. त्यापेक्षा पोरांना लावा."

"कोंबड्या ऐकतात तरी," मी म्हटलं. पण काम घेतलं.

पहिल्या शनिवारी तीन जण आले, त्यातला एक सावलीसाठी. तावोंगा तेव्हा चौदा वर्षांची. तिची आई न्यामसिस्का वाळूवर उसिपा वाळवून विकायची. बारीक मासळी ती, तिचा वास पोरीच्या कपड्यांना कायमचा लागलेला, म्हणून वर्गात तिच्याशेजारी कोणी बसायचं नाही. मी एक जुनं गीत सुरू केलं, कुठल्या पट्टीत ते देवालाच ठाऊक. बाकीचे दोघे मान खाली घालून हसू दाबायला लागले. तावोंगा हसली नाही. तिने दुसरी ओळ उचलली, माझ्याच चुकलेल्या सुरावरून, आणि हळूहळू ती सरळ करत नेली. बाळाचं वाकडं झालेलं टोपरं आई सरळ करते, तशी.

नंतर म्हणाली, "मॅडम, पहिली ओळ तुम्हीच म्हणत जा. पुढचं मी बघते."

"आणि पहिली फसली तर?"

"ती फसणारच. म्हणून तर दुसरी असते."

असं आगाऊ बोलायची, पण तोंडावर इतका भोळा भाव की रागवायचं राहून जायचं.

संघ खरा तिने जमवला. ती मुलांना सांगायची, शनिवारी मुली येतात. मुलींना सांगायची, मुलं येतात. दोघांनाही खोटं सांगितलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत दोघेही आलेले असायचे. होड्या ओढणाऱ्या पोरांना तिने वाळूवरून उठवून आणलं. तंबूवाल्यांचा ड्रम वाजवणारा लुम्बानी तिच्यामागे आमच्याकडे आला. आम्ही चर्चच्या मागच्या पडीक जागेत कसावा लावला, तो विकून सगळ्यांना एकसारखी निळी चितेंजे घेतली. पोरींनी ती नेसायची, पोरांनी खांद्यावरून घ्यायची. तिसऱ्या वर्षी सव्वीस जण झाले. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी पाणी भरायचे, छप्पर शाकारायचे, आणि कोणी गेलं की खड्डा खणायला आणि गायला हेच. लोक म्हणायचे, मरावं तर या पोरांच्या गाण्यावर मरावं.

आमच्या मंडळीत चुकलेल्या माणसाला शिस्तीखाली घालतात. दारू, मारामारी, लग्नाआधी राहिलेले दिवस. त्याने शेवटच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, गाणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. मुदत संपली की प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब त्याचं नाव पुकारतात. तो मागून चालत पुढे येतो, ते त्याला उजवा हात देतात आणि तो पुन्हा मंडळीचा होतो. पूर्वी हे मुकाट चालायचं. तावोंगा सोळा वर्षांची असताना एक म्हातारा असा परत आला, मान खाली घालून, मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा. तिला ते सहन झालं नाही. पुढच्या शनिवारी ती गाणं रचूनच आली.

"मॅडम, तुम्ही म्हणायचं, कोण आलं दारात? आणि आम्ही सगळे म्हणणार, आपलंच माणूस, आपलंच माणूस. असं तीनदा."

"एवढंच?"

"एवढंच तर पाहिजे असतं त्याला."

त्या गाण्याने मंडळी रडायची. एकदा मी गोंडव्यांना नाक पुसताना पाहिलं, तर धूळ फार झाली म्हणाले.

मात्र निळ्या चितेंज्यांना परवानगी देण्याआधी गोंडव्यांनी नियमांची वही मागितली होती. ती मी लिहिली, माझ्या हाताने. चौथा नियम असा, की शिस्तीखाली असताना जो मरेल त्याच्या मातीला संघ निळं चितेंजे घालणार नाही आणि गाणार नाही. अशा माणसासाठी चर्चची घंटा वाजत नाही, पाळक येत नाहीत, ही जुनी रीत होतीच. पण संघाने गाऊ नये, हे मला कोणी लिहायला लावलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर गावातले दारुडे होते. त्यांच्या मातीत पोरांचे शनिवार जायचे. शिवाय वडीलजन खूश होतील, हेही मनात होतंच, कशाला लपवू?

तावोंगाने वही वाचली. "मेलेल्याला कसली शिस्त, मॅडम?"

"कागदावरचं आहे गं. कागदावरच राहील."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत लुम्बानी बसने सरहद्दीपलीकडच्या मोठ्या शहरात, जोनीला गेला, खाणीत काम बघायला. आमच्याकडची निम्मी पोरं जातात. मार्चमध्ये तावोंगा माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि कसावाची सालं काढायला लागली, न सांगता. चार कंद झाले तरी बोलेना, तेव्हा मला कळलं.

"त्याला सांगितलंस?"

"फोन लागत नाही."

ती एकवीस वर्षांची होती. मी तिला थोबाडीत मारणार होते आणि जवळही घेणार होते. दोन्ही केलं नाही, सल्ला दिला. आमच्याकडे स्वतःहून कबूल केलं तर सहा महिने शिस्त, कोणी पकडून दिलं तर वर्ष. मी म्हटलं, उद्याच गोंडव्यांकडे जा. मार्च ते सप्टेंबर. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन आहे, त्या दिवशी तू परत रांगेत. बाळ ऑक्टोबरात.

तिने बोटं मोजली. "म्हणजे मी आत आलेली असेन, मग बाळ येईल."

"हो."

"मग चालेल," ती म्हणाली. "शेवटच्या बाकावरच्या बाईचं बाळ म्हणून ते यायला नको, एवढंच."

ती गेली, उभी राहिली, सगळ्यांसमोर बोलली. लुम्बानीचं नाव कोणी पुकारलं नाही, तो सरहद्दीपलीकडे होता. सहा महिने ती शेवटच्या बाकावर बसली. संघ गायला लागला की ओठ घट्ट मिटायची, फक्त पायाचा अंगठा हलत असायचा. शनिवारी सरावाला तिला आत यायची बंदी होती. ती बाहेर भिंतीला टेकून कसावाचा पाला निवडायची आणि आतल्यांचा सूर घसरला की दगडाने भिंतीवर टकटक करायची. पोरं हसून पुन्हा सुरुवात करायची. त्या टकटकीवर आमचा संघ सहा महिने चालला.

आणि मग ऑगस्टमध्ये पत्र आलं. वर पठारावरच्या गावात सगळ्या मंडळ्यांच्या तरुण संघांचा मेळावा, गाण्याची स्पर्धा, विजेत्याला लाकडी ढाल. तारीख सप्टेंबरचा शेवटचा रविवार.

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. पाळकसाहेबांकडे नऊ मंडळ्या, आमच्याकडे ते तीन महिन्यांतून एकदा येतात. मी त्यांना निरोप पाठवला की त्या रविवारी संघ इथे नसेल, प्रभुभोजनाला गाणार कोण? तारीख पुढे ढकलावी. त्यांचं उत्तर आलं, ठीक आहे, ऑक्टोबरचा तिसरा रविवार. मी आनंदाने ते चर्चच्या दारावर लावलं.

दुसऱ्या दिवशी तावोंगा आली. पाय सुजलेले, ओटा चढताना धापा टाकत होती.

"मॅडम, आणि माझं?"

"तुझं काय? तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. प्रभुभोजन काय पळून जातंय?"

"बाळ आधी आलं तर?"

"आलं तर आलं. आभाळ कोसळतं का? तुझीच पोरं, तूच शिकवलेली गाणी. त्यांना ढाल मिळू नये असं वाटतं तुला?"

"तसं नाही हो." तिने सुजलेला पाय चोळला. मग म्हणाली, "पाळकसाहेब मला एकटीला आधी हात देतील का? मी जाते चालत त्यांच्या घरापर्यंत. तुम्ही विचाराल?"

"विचारते."

मी विचारलं नाही. लॉरी ठरवायची होती, चितेंजे नीळ घालून धुवायची होती, दोन पोरींच्या बापांची समजूत घालायची होती. रोज सकाळी आठवायचं आणि दुपारपर्यंत राहून जायचं. एका निरोपाचं काम होतं.

ढाल आम्ही जिंकली. सोमवारी दुपारी लॉरी घाट उतरत होती, ढाल टपावर बांधलेली, आणि पोरं ओरडून ओरडून तेच गाणं म्हणत होती, कोण आलं दारात. वाळूवरच्या उसिपाच्या मांडवांपाशी आलो तर मांडवांवर मासळी नव्हती आणि बायका डोक्यावरून कापड घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. एक बाई रस्त्यात उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"गप्प बसा!" ती ओरडली. "गप्प बसा रे सगळे. मॅडम, तुम्ही उतरा आणि न्यामसिस्काकडे जा."

रविवारी सकाळी कळा सुरू झाल्या होत्या, प्रभुभोजनाची उपासना जेव्हा झाली असती साधारण तेव्हाच. मुलगी झाली, ठणठणीत. मग रक्त थांबेना. होडीतून दवाखान्याकडे नेताना सरोवरावरच तिने डोळे मिटले. आई सोबत होती. होडी अर्ध्यातून वळवून परत आणली.

घंटा वाजली नव्हती. आमची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेली लॉरीची जुनी रिम. मी गेले तेव्हा गोंडवे तिच्याखालीच बसले होते, हातोडी मांडीवर घेऊन.

"गोंडवे, मुदत संपली होती तिची. तिने सहा महिने भरले."

"भरले. पण हात दिला गेला नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हात दिल्याशिवाय परत आलं असं होत नाही, मॅडम. रीत मी केलेली नाही."

"मग पोरं गातील. घंटा नको, पाळक नको, गाणं तरी."

त्यांनी खिशातून वही काढली. चौथा नियम उघडून माझ्यासमोर धरला. "हे अक्षर कोणाचं? मी वाईट माणूस नाही. लहानपणी ही पोर माझ्या अंगणात खेळलीय. पण पोरं गायली तर मला वर कळवावं लागेल, आणि वरचे लोक संघ बंद करतील. सात वर्षांचं काम आहे तुमचं. तुम्ही सांगाल तसं."

असा तो निर्णय माझ्या पदरात पडला. मागे सव्वीसांतले चोवीस उभे होते, अंगावर प्रवासाची धूळ, निळी चितेंजे काखेत गुंडाळलेली. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मनात म्हटलं, ती तर गेलीच. संघ तरी राहू दे. तिचाच आहे तो.

"चितेंजे घरी ठेवून या," मी म्हटलं. "खड्डा खणायला या. गायचं नाही."

कोणी वाद घातला नाही. घातला असता तर मी कदाचित मोडले असते.

घरात बायका चटईवर तिच्याभोवती बसल्या होत्या. न्यामसिस्काने बाळ मांडीवर घेतलं होतं. मला बघून ती सरकली आणि जागा केली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

"पोरं गाणार नाहीत म्हणतात."

"नियम आहे, न्यामसिस्का."

"मग तू म्हण. एक ओळ. तिचं ते गाणं."

"माझा गळा..."

"तुझा गळा वाईट आहे हे मला माहीत आहे. रोज घरी येऊन नक्कल करायची तुझी. वाईट गळ्याने म्हण. तिला चालतो."

मी तिचा हात धरला आणि नाही म्हणाले. माझ्या तोंडाने गाणं निघालं तर पोरं बाहेरून उचलतील, आणि मग संघ जाईल, हा विचार होता माझा. त्या घरात, त्या चटईवर बसून मी हा विचार केला. तिने हात सोडवून घेतला.

माती झाली तेव्हा फावड्यांचा आवाज तेवढा होता. आमच्याकडे माती कधी मुकी होत नाही. गरिबातल्या गरिबाला चार सूर मिळतात. पोरांनी खड्डा भरला, फावडी ठेवली आणि सरोवरावर हात धुवून घरी गेली.

शनिवारी मी चर्चमध्ये जाऊन बसले. कोणी आलं नाही. संध्याकाळी ओट्यावर निळी चितेंजे ठेवलेली सापडली, धुऊन, घड्या घालून, एकावर एक. रविवारी पोरं उपासनेला आली, तंबूवाल्यांकडे गेली नाहीत. येऊन शेवटच्या बाकावर बसली. बाक पुरेना म्हणून मागे जमिनीवर बसली. शिस्तीतल्या माणसांची ती जागा, तिथे आपण होऊन कोणी बसत नाही. गोंडवे उठून त्यांच्याजवळ गेले, पुढे या म्हणाले. कोणी मान वर केली नाही. पुढच्या रविवारीही तसंच.

ऑक्टोबरचा तिसरा रविवार आला. परत येणाऱ्यांची यादी लिहायचं काम माझंच. गोंडवे म्हणाले होते, ते नाव काढा. मी हो म्हटलं होतं. मी ते काढलं नाही. विसरले असं सांगता आलं असतं, पण मी विसरले नव्हते. पाळकसाहेबांना काहीच ठाऊक नव्हतं. जिच्यासाठी मंडळीची घंटाच वाजली नाही, तिची बातमी त्यांना कोण देणार?

आधी त्यांनी दारूसाठी शिस्तीत असलेल्या दोघांची नावं घेतली. दोघे पुढे आले, हात मिळाला, आणि सवयीने तिथेच थांबले, गाण्याची वाट बघत. गाणं आलं नाही. ते ओशाळून आपल्या जागी गेले.

"तावोंगा कुमवेंडा," पाळकसाहेब म्हणाले आणि उजवा हात पुढे केला.

गोंडवे अर्धवट उठले आणि माझ्याकडे पाहून पुन्हा बसले. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून मागे बघत पुन्हा नाव पुकारलं. तेव्हा शेवटच्या बाकावरून न्यामसिस्का उठली. ती पुढे आली नाही. तिथेच उभी राहिली आणि मग तिने पुढे पाठ केली. पाठीवर बांधलेलं बाळ आता पाळकसाहेबांच्या समोर आलं. जागं होतं, डोळे उघडे होते.

मी उठले. तीन आठवड्यांपूर्वी एका चटईवर जे म्हणायला हवं होतं, ते म्हणायला तोंड उघडलं.

"कोण आलं दारात?"

आवाज फुटला, पट्टी गेली. मी थांबले. दुसऱ्या ओळीची जागा तशीच राहिली. मागे पोरं बसली होती, ओठ घट्ट मिटून. त्यांचे पायही हलत नव्हते. पाळकसाहेबांचा हात अजून पुढेच होता.

त्या गाण्यात हा प्रश्न तीनदा येतो. मी तीनदा विचारला, तिन्ही वेळा वेगळ्या पट्टीत, आणि कोणी हसलं नाही.